खारं पाणी अडवलं की नदीतली कोळंबी का संपते?

गोड्या पाण्यात राहणारा प्राणी गोड्या पाण्यातच जन्मत असणार, असं आपण धरून चालतो. नदीतल्या मोठ्या कोळंबीला हे लागू होत नाही. ती वाढते नदीत, खाते-पिते नदीत, माजावर येते तीही नदीतच. पण तिच्या पिल्लांना जगायचं असेल तर आयुष्याचा पहिला महिनाभर मीठ असलेलं पाणी लागतं. नदी आणि खाडी यांच्यामधली वाट मोकळी असेपर्यंत ही कोळंबी टिकते. ती वाट बंद झाली की नदीत कितीही पाणी असलं तरी काही वर्षांत कोळंबी दिसेनाशी होते.

भारतातल्या ज्या जातीबद्दल मी मुख्यतः लिहिणार आहे, तिचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. शेततळ्यांत वाढवतात तेव्हा तिला 'स्कँपी' म्हणतात, केरळात ती 'आट्टुकोंजु'. नर ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्याच्या निळसर नांग्या अंगापेक्षाही लांब असतात. पश्चिम किनाऱ्यावर गुजरातपासून केरळपर्यंत आणि पूर्वेला बंगाल, म्यानमार, थायलंड, मलेशियापर्यंत नद्यांच्या खालच्या टप्प्यांत आणि खाड्यांत ती आढळते. कोकणातल्या खाड्यांतही ती मिळते.

हिच्या पिल्लांना मीठ लागतं हे माणसाला फार उशिरा कळलं. शाओ-वेन लिंग हे अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ मलेशियात पेनांगजवळ ग्लुगोर इथल्या केंद्रात ही कोळंबी टाकीत वाढवायचा प्रयत्न करत होते. माद्या अंडी देत, अंडी फुटत, हजारो पिल्लं पाण्यात पोहताना दिसत आणि थोड्याच दिवसांत सगळी मरून जात. पाणी स्वच्छ, खाणं बदलून पाहिलेलं, तरी फरक नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लिंग यांच्या लक्षात आलं की पाण्यात थोडं मीठ असलं तर पिल्लं तगतात. पुढे हवाईमध्ये ताकुजी फुजिमुरा यांनी मलेशियातून आणलेल्या कोळंब्यांवर काम करून मोठ्या प्रमाणावर बीज तयार करायची पद्धत बसवली. आज जगभर जी स्कँपीशेती चालते तिचा पाया हा आहे. पण माझ्या मते या शोधाचा दुसरा अर्थ जास्त मोलाचा होता, आणि धरणं-बंधारे बांधणाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही. टाकीत जी पिल्लं मिठावाचून मरतात, ती नदीतही मिठावाचून मरणारच.

आता तिचं आयुष्य नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मादी कात टाकते, अंग मऊ असतं, तेव्हाच नराशी मीलन होतं. त्यानंतर काही तासांत ती अंडी घालते आणि पोटाखालच्या पोहण्याच्या पायांमध्ये चिकटवून धरते. पूर्ण वाढलेल्या मादीकडे एका वेळी ८० हजार ते एक लाख अंडी असू शकतात, पहिल्यांदाच व्यालेलीकडे पाच ते वीस हजार. जवळपास तीन आठवडे ती पाय हलवत अंड्यांना वारा घालावा तसं पाणी घालत राहते. गाभोळी सुरुवातीला नारिंगी दिसते, फुटायच्या दोन-तीन दिवस आधी काळपट करडी होते. याच काळात मादी प्रवाहाबरोबर खाली, खाडीच्या निमखाऱ्या पाण्याकडे निघालेली असते.

अंड्यातून निघतो तो जीव कोळंबीसारखा दिसतही नाही. त्याला डिंभ म्हणतात. या डिंभांना तळावर चालता येत नाही. ते पोट वर करून, शेपटीच्या दिशेने पोहतात. अकरा अवस्थांतून ते जातात आणि त्याला साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. बीजकेंद्रांत या डिंभांसाठी साधारण १२ ग्रॅमचं पाणी ठेवतात. गोड्या पाण्यात ते काही दिवसांपलीकडे काढत नाहीत.

अकरावी अवस्था संपली की डिंभ उलटा पोहायचा थांबतो, तळावर उतरतो आणि पहिल्यांदा कोळंबीसारखा दिसू लागतो. लांबी जेमतेम सात-आठ मिलिमीटर. मग हा एवढासा जीव नदीच्या वरच्या अंगाला निघतो. हा प्रवास मला सगळ्यात थक्क करतो. जोराच्या प्रवाहाविरुद्ध तो काठाकाठाने, दगडांना धरून सरकतो. पाणी झिरपत असेल तर उभ्या दगडावरही चढतो, जमीन ओली असेल तर पाण्याबाहेर येऊन पुढच्या डबक्यात जातो. सामन मासा अंडी घालायला वर जातो, ईल समुद्रात जाते. इथे मोठ्यांना नदी हवी आणि तान्ह्यांना खाडी, म्हणून दोन्ही दिशांची वाट लागते. आई खाली येणार, पिल्लू वर जाणार. दोघांपैकी एकाचीही वाट अडली तरी पिढी तुटते.

कोळंबी कुठे सापडते याचा नकाशा यावरूनच ठरतो. आणि ती नाहीशी होऊ लागते तेव्हा वरच्या टोकापासून होते. अमेरिकेतली मॅक्रोब्रॅकियम ओहायोनी ही हिची बहीण १८७४ साली शास्त्रात नोंदली गेली ती ओहायो नदीवरच्या कॅनेल्टन गावाजवळून, समुद्रापासून दीड हजार किलोमीटरहून अधिक आत. मिसिसिपीच्या वरच्या भागात एके काळी तिची मासेमारी चालायची. विसाव्या शतकात नदीला बांध घातले गेले, जहाजांसाठी पात्र आवळलं गेलं, काठाचं संथ पाणी गेलं. आता ती विपुल आहे ती लुइझियानात, समुद्राजवळ. वर कधीतरी एखादी सापडते. वरच्या गावांतल्या लोकांना वाटतं कोळंबी संपली, खालच्यांना वाटतं आहे की अजून. दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात, म्हणूनच ऱ्हास उशिरा ध्यानात येतो.

आपल्याकडे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण केरळातलं वेंबनाड सरोवर आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ९६ किलोमीटर पसरलेलं हे पाणी कोचीजवळ समुद्राला मिळतं. पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या चार नद्या त्याच्या दक्षिण भागात येतात, मूवाट्टुपुळा आणि पेरियार उत्तरेकडे. पावसाळ्यात नद्यांचा लोंढा एवढा असतो की जवळजवळ सगळं सरोवर गोडं होतं. पाऊस ओसरला की भरतीबरोबर खारं पाणी कोचीकडून दक्षिणेकडे सरकू लागतं आणि उन्हाळ्यात, पूर्वी, पार आतपर्यंत जायचं. आट्टुकोंजुचं सगळं वेळापत्रक या सरकत्या मिठाशी बांधलेलं आहे. गाभोळीच्या माद्या साधारण ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत नद्यांतून उतरून सरोवराच्या उत्तर भागात जातात, अंडी तिथे फुटतात आणि महिनाभराने पिल्लं दक्षिणेकडे, नद्यांच्या दिशेने परततात.

सरोवराच्या दक्षिणेला कुट्टनाड आहे. तिथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून पाणी उपसून केलेली. पावसाळ्यानंतर पेरायचं आणि मार्च-एप्रिलमध्ये कापायचं हे तिथलं मुख्य पीक. पीक उभं असताना खारं पाणी घुसलं तर सगळं जातं. ते रोखायला तण्णीरमुक्कम इथे सरोवराच्या आरपार बंधारा घातला, १९७०च्या दशकाच्या मध्यावर तो वापरात आला. कोकणातल्या वाचकाला हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत: खारभूमीच्या बांधाला पाणी सोडायचं दार, म्हणजे उघाडी, जशी असते, तशी ही एक प्रचंड उघाडी, किलोमीटरहून अधिक लांबीची. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आपली उघाडी दर ओहोटीला पाणी सोडते. तण्णीरमुक्कमचे दरवाजे एकदा लागले की महिनोन् महिने लागलेलेच. ठरलेली मुदत डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. प्रत्यक्षात पेरणी लांबली की कापणी लांबते, आणि दरवाजे एप्रिलपर्यंत, कधी त्याहीपुढे बंद राहतात.

या तारखा कोळंबीच्या तारखांवर ठेवून पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेली पिल्लं डिसेंबर-जानेवारीत वर निघणार, नेमके तेव्हा दरवाजे लागलेले. ती बंधाऱ्याच्या उत्तरेला अडकतात, मोठ्या माशांच्या तोंडी आणि जाळ्यांत जातात. ज्या माद्यांना खाली यायला उशीर झाला त्या दक्षिणेला अडकतात, त्यांची अंडी गोड्या पाण्यात फुटतात आणि डिंभ मरतात. चार नद्यांकडे जाणाऱ्या वाटेवर हे एकच दार आहे. १९६०च्या दशकात वेंबनाडमधून या कोळंबीचं उत्पादन वर्षाला ४०० टनांच्या वर होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते ४० टनांच्या आसपास आलं.

सगळा दोष एका बंधाऱ्याचा नाही. सरोवराचं क्षेत्र भराव घालून आणि शेतीसाठी बांध घालून घटत गेलं. दरवाजे बंद असताना दक्षिणेकडचं पाणी साचतं, त्यात शेतातली खतं आणि कीटकनाशकं उतरतात, जलपर्णी माजते. पूर्वी उन्हाळ्यात येणारं खारं पाणी ही जलपर्णी मारून टाकायचं. शिवाय गाभोळीच्या माद्या ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या वाटेनं खाली येतात, त्यामुळे त्या जाळ्यात सापडणं सोपं. एक मादी गेली की तिच्याबरोबर पन्नास हजार, लाख अंडी जातात. पण प्रदूषण आणि अतिमासेमारी यांनी कोळंबी कमी होते. वाट मोडली तर उरलेलीला परत वाढायची संधीच मिळत नाही. म्हणून मी बंधाऱ्याला पहिलं स्थान देतो.

कुट्टनाडच्या शेतकऱ्याला इथे खलनायक करणं मला पटत नाही. समुद्राच्या खालच्या पातळीवर भात पिकवणं ही पिढ्यांची विद्या आहे, आणि खारं पाणी शेतात आलं तर त्याचं वर्ष बुडतं. शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात दरवाज्यांवरून वर्षानुवर्षं भांडण चालत आलं आहे. दोघंही गरीब, दोघांचंही पोट त्याच पाण्यावर. तरीही या भांडणाचा मुद्दा बंधारा असावा की नसावा हा नाही, दरवाजे कोणत्या आठवड्यात लागावेत हा आहे. सगळ्या कुट्टनाडने एकाच वेळी, वेळेवर पेरणी केली तर कापणीही वेळेवर होते आणि दरवाजे लवकर उघडता येतात.

कोळंबी गेली तर गेली, ताटातला एक पदार्थ कमी झाला, असं कुणी म्हणेल. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीकडे पाहावं लागेल. तिच्या मुखाजवळ १९८६ साली दियामा धरण पूर्ण झालं. उद्देश तण्णीरमुक्कमसारखाच: समुद्राचं खारं पाणी वर येऊ द्यायचं नाही, भात आणि उसाला गोडं पाणी मिळालं पाहिजे. तेही मिळालं. पण त्या नदीतली मॅक्रोब्रॅकियम वोलेनहोवेनी ही कोळंबी खाडीपासून तुटली आणि धरणाच्या वर घटत गेली. ही कोळंबी गोगलगायी खाते. सतत गोड्या आणि संथ राहिलेल्या पाण्यात गोगलगायी आणि पाणवनस्पती वाढल्या, कोळंबीसारखा भक्षक घटला, आणि त्या गोगलगायींत वाढणारा शिस्टोसोमा हा परजीवी माणसांत पसरला. धरण झाल्यावर दोनच वर्षांत ऊसपट्ट्यातल्या रिशार-टोल गावात आतड्याच्या शिस्टोसोमियासिसची साथ दिसू लागली. पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या कातडीतून हा परजीवी आत शिरतो. हा रोग आपल्याला अगदी परका नाही. १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचाच एक प्रकार आढळला होता.

पुढे संशोधक सुझन सोकोलोव आणि सहकाऱ्यांनी सेनेगलमधल्या लाम्पसार गावात, लोक जिथे पाण्यात उतरतात तिथे जाळीच्या कुंपणात कोळंबी सोडून पाहिली. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. कोळंबी असलेल्या जागी रोगट गोगलगायी कमी झाल्या, आणि औषध घेतलेल्या गावकऱ्यांत पुन्हा लागण होण्याचं प्रमाणही, कोळंबी न सोडलेल्या गावाच्या तुलनेत कमी राहिलं. धरणाच्या हिशेबात ही कोळंबी कधी धरलीच नव्हती, तिची किंमत दवाखान्यात मोजावी लागली.

वेळ साधली तर काय होऊ शकतं याचं उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावरचं आहे. तिथल्या लुकियो डोंगरातल्या ओढ्यांत कोळंबीच मुख्य रहिवासी आहे. काही जाती पाण्यातली सडकी पानं खातात, काही पंख्यासारख्या केसाळ पायांनी वाहते कण गाळून घेतात. या लहान जातींच्या माद्या खाली उतरत नाहीत. डिंभांना प्रवाहात सोडतात आणि पाणीच त्यांना समुद्राकडे नेतं. एस्पिरितु सांतो नदीवर पिण्याच्या पाण्यासाठी एक बुटका बंधारा आहे, काही मीटरचाही अडसर नाही म्हणता येईल असा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यातून पाणी उचलताना वाहत येणारे सरासरी ४२ टक्के डिंभ नळात ओढले जाऊन मरतात. नदी आटली असेल तेव्हा सगळेच. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की डिंभ मुख्यतः अंधार पडल्यावरच्या काही तासांत वाहतात, कारण दिवसा मासे त्यांना खातात. संध्याकाळनंतर तीन ते पाच तास उपसा थांबवला, तर हा मृत्यूदर ११ ते २० टक्क्यांवर आणता येईल असं संशोधकांचं गणित होतं. बंधारा पाडायचा नाही, शहराचं पाणी तोडायचं नाही, पंपाची वेळ बदलायची.

त्याच बेटावर उंच धरणांचं चित्र वेगळं आहे. ज्या धरणावरून सांडव्याचं पाणी वाहतं, तिथे काही पिल्लं ओल्या भिंतीवरून चढून वर जातात. ज्यावरून पाणी सांडतच नाही, त्याच्या वरच्या नद्यांत मूळच्या कोळंब्या उरत नाहीत. बंधाऱ्याच्या कडेला खडबडीत, सतत ओला राहणारा उतार ठेवला तर या जिवांना तेवढं पुरतं. माशांसाठी लागणाऱ्या जिन्याच्या मानाने हे फार स्वस्त काम आहे.

बीजकेंद्रात पिल्लं तयार करून नदीत सोडावीत, हा उपाय लगेच सुचतो. तो उपयोगी आहे, पण वाट बंद असेल तर दरवर्षी तेच करत राहावं लागतं, कारण सोडलेल्या कोळंबीची पुढची पिढी तयारच होत नाही. शेतीचा अनुभवही सांगून जातो. २००५च्या सुमारास भारतात तळ्यांतल्या स्कँपीचं उत्पादन ४० हजार टनांच्या वर गेलं आणि मग झपाट्याने कोसळलं. रोग आले, त्याच त्या कोळंब्यांपासून पिढ्या काढल्याने बीज दुबळं झालं, आणि २००९ नंतर वनामी या परदेशी जातीच्या कोळंबीने शेतकऱ्याला ओढलं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सुधारित वाण करायला घेतलं तेव्हा मूळ कोळंब्या आणाव्या लागल्या त्या गुजरात, केरळ आणि ओडिशातून. तळ्यातलं दुबळं झालेलं बीज सुधारायला मूळ कोळंबी लागते, आणि तिचं घर नदी आहे.

आता आपल्या नद्या. गोदावरीत मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी ही जात आहे, तिला गोदावरी कोळंबीच म्हणतात, आणि तिच्याही डिंभांना निमखारं पाणी लागतं. नदी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पण समुद्राकडून वर येणाऱ्या पिल्लाला पहिली भिंत राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमलाच लागते, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बंधारा आहे. पुढे आणखी बंधारे चढत चढत पैठणच्या जायकवाडीपर्यंत यायचं म्हणजे अशक्यच. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा निकाल आहे. दोन राज्यांच्या पाणीवाटपासाठी तो झाला, जलचरांसाठी नाही. पण दरवाजे तारखेनुसार चालवता येतात आणि ती तारीख वर्षानुवर्षं पाळता येते, हे मात्र त्यातून सिद्ध होतं.

नर्मदेची गोष्ट जास्त तातडीची आहे. नंदुरबारच्या कडेने वाहून ती भरूचजवळ खाडीला मिळते, आणि ती खाडी हिलसा मासा आणि मोठी कोळंबी या दोन्हींसाठी प्रसिद्ध आहे. सरदार सरोवरानंतर खाली येणारं गोडं पाणी घटलं, समुद्राचं खारं पाणी वर सरकलं. त्यावर उपाय म्हणून नदीमुखाजवळ भाडभूत इथे मोठा बंधारा उभा राहतो आहे: खारं पाणी खाली अडवायचं, गोडं वर साठवायचं. तिथल्या मच्छीमारांनी याला विरोध केला आहे. तण्णीरमुक्कम आणि दियामा इथे काय घडलं हे समोर असताना, दरवाजे कोणत्या महिन्यांत उघडे राहणार, गाभोळीच्या माद्या उतरतात आणि पिल्लं चढतात त्या आठवड्यांत पाणी वाहतं राहणार का, भिंतीच्या कडेला ओला उतार असणार का, हे बांधकाम सुरू असतानाच लेखी ठरलं पाहिजे.